प्लग माझ्या हातात होता

गजू, तू बोलायचा थांबलास तेव्हा मी बोलतच होते. किती वेळ बोलत होते ते मला सांगता येत नाही. साखळीहून डॉक्टर आले, त्यांनी तुझं मनगट धरलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "शेवटचं कधी बोलले हे?" साधा प्रश्न होता. टिलरचा प्लग तेव्हाही माझ्या हातात होता. डॉक्टरांनीच तो माझ्या बोटांतून सोडवून खुर्चीवर ठेवला.

काल तुझा बारावा झाला. पाहुणे गेले, भाड्याची भांडी परत गेली, घरात कुंदा आणि मी उरलो. हे मी माझ्या शिरीषच्या मुलांसाठी लिहून ठेवते आहे. मीरा आणि रोहन कॅनडात वाढतात आणि त्यांच्यासाठी तू म्हणजे फोटोतला, ट्रॅक्टरला छत्री बांधून बसलेला आजोबा. शिरीष त्यांना वाचून दाखवील. पण तुझ्याविषयी लिहायला घेतलं की पेन पुढे सरकत नाही. तुझ्याशी बोलायची सवय आहे, तुझ्याविषयी बोलायची नाही. म्हणून तुलाच लिहिते. मुलांनी शेजारी बसून ऐकावं.

मी लग्न होऊन कारापूरला आले तेव्हा तू अर्ध्या चड्डीत शाळेला जात होतास. म्हणून दीर असूनही तू माझ्यासाठी 'तू'च राहिलास. तू मात्र मला वैनी म्हणालास आणि 'तुमी' कधी सोडलं नाहीस. पुढे तू सुर्ल्याच्या खाणीवर वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन झालास, कुंदा सावंतवाडीकडून तुझी बायको होऊन आली, मी डिचोलीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत राहिले. तुझा दादा गेला, शिरीष बाहेर गेला, मी निवृत्त झाले. घराच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला तुम्ही दोघं आणि मध्ये एकच चूल.

मुलांना ट्रॅक्टरची गोष्ट सांगायला हवी. खाणीच्या साहेबांच्या बंगल्यावर हिरवळ राखायला परदेशातून एक लहानसा विजेचा ट्रॅक्टर आणलेला होता. डिझेल नाही, धूर नाही, सीटखाली आणि पुढच्या पत्र्याखाली बॅटऱ्या. सुर्ल्याच्या लाल धुळीत ती हिरवळ काही टिकली नाही. साहेब बदलले, ट्रॅक्टर शेडमध्ये पडून राहिला आणि एक दिवस भंगारात निघाला. तू तो मागून घेतलास. त्याच्याबरोबर एक लाकडी खोकं आलं, कोणी कधी न उघडलेलं. त्यात टिलर होता: ट्रॅक्टरच्या मागे अडकवायचा, स्वतःची मोटर असलेला, वाकड्या पात्यांनी माती खणून भुसभुशीत करणारा. साहेबांच्या हिरवळीला त्याची गरज नव्हती. आमच्या अळसांद्यांच्या, म्हणजे चवळीच्या, आणि मिरचीच्या वाफ्यांना होती.

पहिल्या दिवशी वाड्यावरची माणसं कुंपणाशी जमली. ट्रॅक्टर चालू केलास आणि आवाजच नाही. "गजू, चालू कर रे," कोणीतरी ओरडलं. तू म्हणालास, "चालू आसा." मग तो आपसूक पुढे सरकायला लागला तशी माणसं मागे हटली. त्या दिवशी सगळे हसले, पण तू हसला नाहीस. संध्याकाळी मला म्हणालास, डिझेलचं यंत्र निदान ओरडून सांगतं की मी जिवंत आहे. हे गप्प बसून असतं आणि याला हात लावणाऱ्याला कळत नाही.

म्हणून तू तो नियम केलास. टिलरची जाड वायर ट्रॅक्टरच्या मागच्या सॉकेटात बसते, मुठीएवढा प्लग आहे तिला. पात्यांमध्ये हात घालायच्या आधी तो प्लग उपसायचा. तेवढ्याने तुझं समाधान होत नसे. खाणीवर तुझ्या एका सोबत्याचा पंजा गेला होता. त्याने फ्यूज काढून स्वतःच्याच पेटीत ठेवला होता आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाने तो सापडला म्हणून जागेवर बसवला. त्यामुळे प्लग खिशात नाही, फळीवर नाही, दुसऱ्या माणसाच्या हातात. त्या माणसाने तो धरून समोर बसायचं आणि तू हात बाहेर काढून "जालें" म्हणेपर्यंत सोडायचा नाही.

ते दुसरं माणूस मी झाले. कशी झाले ते मला आठवतं. तुझा दादा जाऊन थोडेच दिवस झाले होते. मी खोलीबाहेर येत नव्हते. लोक येत, समजूत घालत, जात. तू एकदाही समजूत घातली नाहीस. एका सकाळी दारात उभा राहिलास, हाताला ग्रीस, आणि म्हणालास, "वैनी, हें मात्शें धरात." मी विचारलं काय आहे. "प्लग." मी म्हटलं, कुंदाला सांग. "कुंदाक वेळ ना. तुमकां आसा." इतकं कोरडं बोलणं त्या दिवसांत मला दुसऱ्या कोणी ऐकवलं नव्हतं. मी उठले, बाहेर आले आणि धरला. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. मानले असते तर तू म्हणाला असतास, "प्लग धरपाक आभार कित्याक?"

वायर जेवढी लांब तेवढ्याच अंतरावर माझी वेताची खुर्ची. टिलरच्या पत्र्यापलीकडे तू गोणपाटावर, पाय पसरून, पाठ ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून. मला तुझी टोपी आणि खांदा दिसे. तू पावाच्या जुन्या सुरीने पात्यांच्या दांड्याला गुंडाळलेलं गवत, काथ्या, केळीची सोपटं कापून काढायचास. ही गुंडाळी आत शिरली की रबराचं सील फाटतं आणि ग्रीस बाहेर येतं, म्हणून दर खेपेला साफ करायचं. चिऱ्याचा मोठा खडा अडकला तर मऊ लोखंडाचा एक बोल्ट आपणहून तुटतो आणि मोटर वाचते. तो तुटका बोल्ट काढून तू माझ्याकडे फेकायचास, मी बाटलीत टाकायचे. बॅटऱ्यांना पाणी घालणं, टोकांवर चढलेली पांढरी बुरशी सोड्याच्या गरम पाण्याने धुणं ही कामं मी आपणहून घेतली. कुंदा म्हणायची, माझा खायचा सोडा केक सोडून सगळीकडे जातो.

आणि या सगळ्या वेळात आपण भांडायचो.

ते दिवसच तसे होते. राजभाषा मराठी की कोंकणी, याशिवाय गोव्यात दुसरा विषय नव्हता. तू कोंकणीच्या सभांना पणजीला जायचास, मी मराठीच्या बैठकांना डिचोलीला. घरी येऊन तू मुद्दाम माझ्याशी कोंकणीतच बोलायला लागलास आणि मी मुद्दाम मराठीतच उत्तर द्यायला. गोवा वेगळं राज्य झालं त्या दिवशी तू ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातलीस. मी म्हटलं, ही माळ राज्याची की कोंकणीची? तू म्हणालास, "ट्रॅक्टराची." कुंदाची मालवणी तुला कोंकणी वाटायची आणि मला मराठी. आपण दोघं तिला साक्षीला बोलवायचो. ती कधी आली नाही.

एकदा मात्र आली. पाती झिजली की ती उलटसुलट करून बसवावी लागतात, धार पुढे यायला हवी. मी पाती देत होते, तू आवळत होतास आणि शाळेत मुलांना कुठल्या भाषेत शिकवायचं यावर आवाज चढले होते. रागारागात उजव्या-डाव्या पात्यांची अदलाबदल मी देताना केली की तू बसवताना, ते आजही ठरलेलं नाही. टिलर चालू झाला आणि माती खणायच्या ऐवजी पाडसासारखा उड्या मारत वाफ्यावरून निघून गेला. गवताचं पातंही हललं नाही. कुंदा बियांची टोपली कमरेला घेऊन उभी होती. "मगे बी खय पेरू? गवतार?" तिने विचारलं. तू काही बोललास, मी काही बोलले. ती म्हणाली, "भाषेन माती खणूक जमना नाय. पाती सारकी लावा." आपण निमूटपणे पुन्हा प्लग काढला. पाती फिरवली, आणि शेवटचा बोल्ट आवळताना तू एकटाच हसायला लागलास.

यंदा शिरीषने मनावर घेतलं होतं. आई, आता तू एकटी नको, इथे तुझी खोली तयार आहे, मुलांना आजी हवी. कागदपत्रं करायची तर दिवाळीपर्यंत हो की नाही ते कळव. मीरा, रोहन, तुम्हाला भेटायची ओढ मला नाही असं समजू नका. प्रत्येक पत्रातला तुमचा फोटो मी आरशाच्या कडेला लावला आहे. पण मी उत्तर देत नव्हते. आणि गजू, तू ते उत्तर मागत होतास. सरळ नाही. प्लग माझ्या हातात दिला की मग.

त्या सकाळी पोदेर पाव देऊन गेला होता. भातकापणी झालेली, जमिनीत अजून ओल, दोन दिवसांत नांगरट करायची म्हणून तू टिलर खोललास. सीलमधून ग्रीस ठिबकत होतं. मी वर्तमानपत्र अंथरून निघालेला प्रत्येक भाग निघाला त्या क्रमाने मांडत होते.

"वैनी, प्लग धरलो?"

"धरलाय."

थोडा वेळ सुरीचा आवाज. मग, "शिरीषाची चीट आयली?"

"आली."

"कितें म्हणटा?"

"तेच."

"मागीर?"

"मागीर काय? बघू."

"बघूं बघूं म्हणटां दिवाळी आयली." तू दांड्यातून काथ्याचा एक लांब पीळ ओढून काढलास. "थंय बर्फ पडटा मगो?"

"पडतो."

"बर्फांत टिलर चलना."

"मला तिथे टिलर चालवायचा नाहीये, गजू."

"ना, हांव सांगतां." मग तू ते म्हणालास. "थंय तुमची मराठी कोण आयकतलो?"

मला चिडवायलाच म्हणालास, आणि मी चिडले. माझ्या मराठीची काळजी तू कशाला करतोस, म्हटलं. पेपर वाचतोस तो मराठी. गणपतीची आरती म्हणतोस ती मराठी. भजनाला बसतोस, तिथे अभंग कुठल्या भाषेत असतात? सभेला गेलास की तेवढी कोंकणी. आणि कॅनडात तुझी कोंकणी तरी कोण ऐकणार होतं? असं बरंच. आवाज चढला असावा. तू उत्तर देत नव्हतास. मला वाटलं, सील अडलं असेल, जोर लावतो आहेस. मग वाटलं, हसतो आहेस. तू हसायचास तेव्हा खांदा हलायचा नाही, नुसती टोपी खाली व्हायची. टोपी खाली झालेली होती.

मग माझा राग आपोआप उतरला आणि मी ते बोलून गेले. म्हटलं, "आणि तसंही मी जात नाहीये. शिरीषला तसं कळवणार आहे. उन्हाळ्यात महिनाभर जाऊन येईन मुलांना भेटायला. राहायला नाही. झालं समाधान?"

तुझ्या नेहमीच्या "आसूं दी" ची मी वाट पाहिली. ते आलं नाही. "ऐकलंस का?" मी विचारलं.

पावाची सुरी जमिनीवर पडलेली होती. तू धारेची वस्तू मातीत पडलेली कधी राहू दिली नव्हतीस. मी उठले. तुझ्याकडे निघाले आणि वायर ताणली गेली, ती टिलरखाली अडकली होती. प्लग टाकला असता तर दोन पावलांत तुझ्यापाशी पोचले असते. मी टाकला नाही. तू पलीकडे पात्यांत हात घालून बसलेला असताना प्लग सोडायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी ताणलेल्या वायरच्या टोकाला उभी राहून कुंदाला हाका मारत राहिले. ती पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिने तुझा खांदा धरला. तेव्हा तू एका बाजूला कललास.

हृदय एका क्षणात बंद पडलं असेल, त्यांना कळलंही नसेल, डॉक्टर म्हणाले. तुम्ही आधी पोचला असता तरी फरक पडला नसता, असंही म्हणाले. मी त्यांचं म्हणणं मान्य केलं आहे. पण कुठला क्षण, हे त्यांना सांगता येत नाही आणि मला ते सोडून दुसरं काही सुचत नाही. मी ते सगळं बोलणं पुन्हा पुन्हा मनात म्हणते आणि प्रत्येक वाक्याशी थांबते. पेपरचं ऐकलंस, असं मला वाटतं, कारण तेव्हा पान्याचा आवाज आला होता. आरतीचं? अभंगांचं? आंघोळ करताना, ताट वाढताना, लोक नमस्कार करत असताना मी मनात तेच करत होते. भेटायला आलेल्यांना वाटलं असेल, म्हातारी जप करते आहे. मला रडू येत नाही. कुंदाला येतं. मी तिच्या शेजारी बसून वाक्यं म्हणते.

जे शेवटचं बोलले ते तू ऐकलंस का, एवढंच मला हवं आहे. महिनोन्‌महिने जे विचारत होतास त्याचं उत्तर मी दिलं, गजू. ते तुझ्यापर्यंत आलं, की मी ते एका टोपीला सांगत होते?

सुतकात शिरीषचा फोन आला, शेजारच्या दुकानावर. रडत होता. मग म्हणाला, "आई, आता तिथे काय राहिलं? तू ये." मी त्याला नको म्हटलं नाही. कारण मुलगा बरोबर बोलत होता. प्रश्न विचारणारा तू, उत्तर तुला दिलेलं. तू ते ऐकलं नसशील तर ते दिलंच गेलं नाही, आणि न दिलेलं उत्तर बदलायला मी मोकळी आहे. अंगणात गोणपाटाखाली टिलर उघडा पडला होता, कोणी त्याला हात लावत नव्हतं. त्याच्याकडे पाहवत नसे. जावं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. हे मुलांनाही कळू दे.

काल संध्याकाळी शेवटची माणसं गेल्यावर मागच्या दारी गेले तर कुंदा बालदीत अळसांद्यांचं बी भिजत घालत होती. बालदी भरून.

"एवढं कुणासाठी?" मी विचारलं.

"दोगींक. तुमचे वाफे आणि आमचे."

"कुंदा, माझं अजून काही ठरलेलं नाही. शिरीषचा फोन आला होता."

तिने हात पाण्यातून काढले नाहीत. "ठरलां तां," ती म्हणाली. "जात नाय म्हणालास ना तुमी."

"ते मी गजूला म्हटलं. त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे."

"तेंनी आयकल्यांनी काय नाय, माका ठावक नाय," कुंदा म्हणाली. "मी आयकलंय. पीठ मळी होतंय, जनेलातसून आयकलंय." मग ती थोडा वेळ बी वरखाली करत राहिली. "भायर येवन इचारुचा होता, खराच काय म्हणान. तितक्यात तुमी हाक मारलास."

मी पायरीवर बसले. गजू, मी त्या खुर्चीवरून जे काही बोलत होते ते पत्र्याच्या पलीकडे तुझ्यापर्यंत पोचतं की नाही एवढंच मोजत होते. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या पाठीशी होती. इतकी वर्षं आपण भांडत होतो तेव्हा ती उघडीच असायची. तिच्यात उभ्या असलेल्या बाईला माझं जाणं-राहणं तुझ्याइतकंच, आता तर तुझ्याहून जास्त महत्त्वाचं आहे, हे मला दिसायला हवं होतं की नव्हतं, त्याचा विचार मी आता करत नाही. तू ऐकलंस का, ते मला कधीच कळणार नाही. पण उत्तर हवेत गेलं नाही. ज्या घरात दिलं त्या घरात ते आहे, आणि ते बदलायला मी मोकळी नाही. काल कुंदाच्या शेजारी बसल्यावर पहिल्यांदा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ओल्या हातानेच माझी पाठ चोळली आणि माझं पोलकं भिजवलं.

शिरीषला पत्र लिहिलं आहे. मीरा, रोहन, उन्हाळ्यात येते, महिनाभर.

आज सकाळी आम्ही गोणपाट काढलं. वर्तमानपत्रावरचे भाग जसे मांडले होते तसेच होते, फक्त दवाने कागद चिकटला होता. मी शेवटच्या टोकापासून उलट बसवत आले, कुंदा समोर खुर्चीवर. सील बसवायला दोघींचा जोर लागला. पात्यांची धार मी तीन-तीनदा तपासली, आणि या वेळी भांडायला कोणी नव्हतं म्हणून ती पहिल्याच खेपेला बरोबर बसली. ते मला मुळीच आवडलं नाही. चेन लावली, ग्रीस भरलं, बॅटऱ्यांची टोकं पुसली. मग कुंदाने प्लग सॉकेटात घातला, मी खटका दाबला आणि टिलर हवेत फिरला, न अडखळता.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. मग एकदमच दोघींच्या लक्षात आलं. आम्हाला यातलं सगळं येतं, फक्त त्या सीटवर तुझ्याशिवाय कधी कोणी बसलेलं नाही.

"हेच्यार बसतला कोण?" कुंदाने विचारलं.

"तू."

"तुमी मोठी."

"तुझे डोळे चांगले आहेत."

"तुमचा शिक्षान जास्त."

"इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला ट्रॅक्टर येतो असं तुला कोणी सांगितलं?"

"मगे माका येता काय? सावंतवाडीत आमी ट्रॅक्टरारच जल्माक इलंव?"

दुपारचं जेवण झालं तरी ते मिटलेलं नाही. ती आत्ता ताटं घासते आहे आणि तिकडूनच एकेक कारण सांगते आहे. मी इथून ऐकते आहे. तुझी छत्री अजून सीटला बांधलेली आहे, ती काढायची नाही एवढ्यावर आमचं एकमत झालं. बाकी उद्या सकाळी दोघींपैकी कुणीतरी एक बसेलच. बी भिजलेलं आहे, ते थांबायचं नाही.